पाच टाके आणि एक बोट

आमच्या आळीत कुणाला मोतीबिंदू झाला की त्याला माझ्याकडे पाठवतात. आलेला माणूस चहा घेतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि बशी खाली ठेवता ठेवता मनातला प्रश्न विचारतो, "पण काय हो, डोळ्याचे टाके सुटत तर नाहीत?" मग मी सांगायला बसतो. शांता, म्हणजे माझी बायको, आतून म्हणते, "आता दोन घंटे सुटका न्हाई त्या मान्साची." तिचं म्हणणं असं की ही हकीकत मी दर वेळी थोडी वाढवतो. म्हणून एकदाची लिहूनच काढतो. लिहिलेलं वाढत नाही आणि चहाही वाचतो.

मी डॉक्टर नाही. डोळ्याच्या आत काय असतं ते मला विचारू नका. खाटेवर उताणं पडलेल्या माणसाचं काय होतं, तेवढं मी सांगू शकतो.

गढूळ पाणी

मी चिंचवडच्या एका पंपांच्या कारखान्यात कामाला आहे. पंपाचं लोखंडी घर तयार होऊन आलं की त्याची सगळी तोंडं बंद करायची, आत हवा भरायची आणि ते पाण्याच्या हौदात बुडवायचं, हे माझं काम. कुठल्या जोडातून बुडबुडा आला तर लाल ठिपका लावून परत पाठवायचं. नाही आला तर माझा शिक्का मारून पुढे. शिक्क्यावर माझा आकडा आहे, सात. सातचा शिक्का बघितला की पुढचे लोक पुन्हा तपासत नसत, याचा मला फार अभिमान होता.

तरुणपणी दुसऱ्या एका वर्कशॉपात लेथवर काम करताना लोखंडाचा किस डाव्या डोळ्यात गेला आणि तो डोळा कायमचा बंद झाला. त्यामुळे संसार, नोकरी, हौद, जे काही होतं ते सगळं उजव्या डोळ्याच्या भरवशावर.

एका मे महिन्यात हौदातलं पाणी मला गढूळ वाटायला लागलं. मी सफाईवाल्याला बोललो. त्याने हौद घासून पाणी बदललं. चार दिवसांनी पुन्हा तेच. मी पुन्हा बोललो, या वेळी जरा जास्तच. तो बिचारा आठवड्यातून दोनदा हौद रिकामा करायला लागला, तरी पाणी काही निवळेना. पाणी पहिल्या दिवसापासून स्वच्छच होतं. पुढे दवाखान्यातून आल्यावर मी सगळ्यात आधी त्याची माफी मागितली.

मग मी एक युक्ती काढली. पंप बुडवला की उजव्या हाताचं पहिलं बोट पाण्यात घालून जोडाजवळ धरायचं. बुडबुडा आला तर तो बोटाला गुदगुली करून जातो. बारीकातला बारीक बुडबुडासुद्धा कळतो, मी पैजेवर सांगेन. बघणाऱ्याला वाटायचं, काय मन लावून तपासतोय हा माणूस! मी कुणालाच काही सांगितलं नाही. एका डोळ्याच्या माणसाचा तोही डोळा गेला म्हटल्यावर त्याला हौदावर कोण ठेवणार?

शिवाय घरात मला सगळं व्यवस्थित दिसत होतं. रहाटणीत आमची एका खोलीची जागा. तीन दगडी पायऱ्या चढायच्या, मग उंबरा, आत डाव्या हाताला मोरी. मी कधी पायरी चुकलो नाही, कधी उंबऱ्याला ठेचकाळलो नाही. कंपनीत मात्र दोनदा ट्रॉलीवर आपटलो. यावरून मी असा निष्कर्ष काढला की डोळा ठणठणीत आहे, कंपनीतच उजेड कमी आहे. फोरमनकडे जाऊन मी हौदावर जास्तीचा दिवा मागून घेतला. मिळालासुद्धा.

मागचा जोड

माझं बिंग फुटलं ते कांबळेमुळे. कांबळे पुढच्या सेक्शनला, पंप चालवून बघायच्या कामावर. वयाने माझ्याहून लहान, पण बोलण्यात कुणाला ऐकायचा नाही. दिवाळी होऊन गेल्यावर एकदा शिफ्ट सुटताना तो फडक्यात झाकून एक पंप घेऊन आला.

"दादा, हा पाठीमागच्या जोडातनं गळतोय. वर सात नंबर आहे."

मी म्हटलं, "शक्य नाही."

पण शक्य होतं. माझं बोट पुढच्या जोडावर असायचं. मागून निघालेला बुडबुडा त्याला कसा कळणार?

कांबळेने पंप खाली ठेवला. मग म्हणाला, "राव, मला एक सांगा. माझा चेहरा दिसतोय ना?"

"दिसतोय की."

"मग मी दाढी कधीपासनं ठेवली?"

मी अंदाज केला. "परवापासून."

"चार महिने झाले, दादा."

दुसऱ्या दिवशी त्याने मला हाताला धरून कंपनीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यात बॅटरी मारली आणि म्हणाले, "चांगला पिकलाय. इतके दिवस काय करत होता?" मी म्हटलं, "काम." त्यांनी डोळ्यांच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली.

त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा चेहरा मी पुढे दीड-दोन महिन्यांनी पाहिला. तोवर त्या म्हणजे नुसता एक आवाज होत्या, नेमका आणि कमी बोलणारा. त्यांनी डोळा तपासला आणि समजावून सांगितलं. बुबुळाच्या कडेने अर्धगोल चीर घ्यायची, आतला पिकलेला मोती काढायचा आणि रेशमाच्या बारीक दोऱ्याने चीर शिवून टाकायची.

"टाके किती?" मी विचारलं.

"पाच."

"पाचच? आमच्याकडे एवढ्या तोंडाला आठ बोल्ट लागतात."

बाई हसल्या. मग मी महत्त्वाचं विचारलं, "आणि जोड गळतोय का ते तपासता कसं?"

"हवा भरून तपासत नाही एवढं नक्की." मग आवाज बदलला. "हे बघा, तुम्हाला एकच डोळा आहे. म्हणजे चुकायला जागा मलाही नाही आणि तुम्हालाही नाही. चीर मी नीट बंद करीन. ती बंद ठेवायचं काम तुमचं."

"मी काय करायचं?"

"काहीही करायचं नाही. तेच अवघड असतं."

शांता 'बरं' म्हणाली

घरी येऊन मी शांताला सांगितलं. सात महिने लपवलेली गोष्ट होती, म्हणून बसमध्ये मनाशी जुळवाजुळव करून आलो होतो. ती रडेल, मग मी धीर देईन, असं काहीसं. मी सगळं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "बरं. किती दिस ऱ्हायाचं दवाखान्यात? तांदूळ किती घिऊ संगं?"

मला इतका राग आला! "तुला काळजीच नाही," मी म्हणालो. "डोळा गेला तरी तू तांदूळच मोजत बसशील." दोन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. तिने पोरांना निघोज्याला, तिच्या माहेरी पोचवलं, दोन पातेली आणि स्टोव्ह पिशवीत भरला आणि माझ्याबरोबर दवाखान्यात राहायला आली. मला ते बोलल्याची लाज आज वाटते. त्या वेळी मी स्वतःला फार बिचारा समजत होतो.

एक, दोन, तीन

ऑपरेशन थंडीत झालं. त्या वेळी सगळे थंडीतच करून घ्यायचे.

ज्यांचं व्हायचंय त्यांना सांगतो, सुई टोचते ती एकदाच, डोळा बधिर करायची. त्यानंतर दुखत नाही. आपण जागे असतो. भांड्यांचा आवाज येतो, सिस्टरच्या बांगड्या वाजतात. मला उजेड नुसता हलताना दिसत होता. मग एकदम सगळं निळसर आणि मोकळं झालं. मोती निघाला असावा. मग बाई टाके घालायला लागल्या आणि हळू आवाजात मोजत होत्या. मीही मनात मोजत होतो. चौथ्याला दोरा तुटला. बाई "च्च" म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा दोरा घेतला. मला त्या 'च्च'मुळे उलट धीर आला. चुकलेला जोड जो कारागीर पुन्हा करतो, त्याच्या हातात डोळा द्यायला हरकत नाही.

पाच झाले. दोन्ही डोळ्यांना पट्टी आली. डावा डोळा तर वीस वर्षांपूर्वीच गेलेला, पण एक हलला की दुसरा हलतो म्हणून त्यालाही. डोकं हलू नये म्हणून दोन्ही कानांशी वाळूच्या पिशव्या ठेवल्या. मग सिस्टरने नियम सांगितले. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, कुशीवर वळायचं नाही, चावायचं नाही, कुंथायचं नाही, पट्टीला हात लावायचा नाही. सगळ्यात शेवटी, "आणि हसायचं नाही."

मी म्हटलं, "इथे हसायला काय आहे?"

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "आलाव का पावनं? या, या. इतं लई मजा हाय. दिसत मातर काय न्हाई."

गेनूभाऊ

गेनूभाऊ चाकणचा. कांद्याच्या बाजारात काट्यावर कट्टे, म्हणजे गोण्या, तोलणारा. त्याचं ऑपरेशन माझ्या दोन दिवस आधी झालं होतं. त्याला भेटायला येणारं प्रत्येक माणूस बाजारातून येत असल्यामुळे आमच्या वॉर्डाला कायम कांद्याचा वास असायचा. माझ्यासारखीच त्यानेही गोष्ट लपवली होती, पण माझ्यापेक्षा पुष्कळ हुशारीने.

पाचव्या दिवशी दुपारी मी सहज विचारलं, "गेनूभाऊ, काटा दिसत नव्हता तर तुम्ही तोलत कसे होता?"

"कानानं!"

"कानानं?"

"व्हय. कट्टा काट्यावर ठिवायचा आन गप हुबं ऱ्हायाचं. शेतकरी वरडला की समजायचं काटा खाली ऱ्हायला. अडत्या वरडला की समजायचं वर गेला."

"आणि बरोबर असला की?"

"मंग दोगं बी वरडायचं!"

मी हसलो. म्हणजे आधी दाबायला गेलो, पण पोट हलायला लागलं, खाट हलायला लागली. शांता धावत आली आणि तिने दोन्ही तळव्यांत माझे गाल घट्ट धरले. "आवो, हसू नगासा! टाकं हायती टाकं!" तिच्या त्या ओरडण्याने मला अजूनच हसू आलं. तिकडे गेनूभाऊ स्वतःच्याच बोलण्यावर खिदळत होता. सिस्टर आली. आम्हा दोघांना शाळेतल्या पोरांसारखी बोलणी बसली आणि खाटांच्या मध्ये पडदा लागला. दोघांच्याही डोळ्यांना पट्ट्या, मग पडदा कशाला, ते मला अजून कळलेलं नाही.

हसून झाल्यावर पट्टीच्या आत काहीतरी ओलसर वाटायला लागलं.

माझं बोट

शांता कपडे धुवायला गेली होती. मी पडून होतो. ओलं खरंच आहे की भास, एवढाच प्रश्न होता. असा प्रश्न पडला की माझ्या हाताला एकच उत्तर माहीत. सात महिन्यांची सवय. मी ठरवून केलं असं म्हणणार नाही, पण केलं मीच. उजवा हात वर गेला, पहिलं बोट पट्टीच्या खालच्या कडेतून आत सरकलं आणि पापणीखाली जाऊन थांबलं, हौदात थांबायचं तसंच. बोट ओलं झालं. ते चादरीला पुसून पुन्हा लावलं. वीसपर्यंत मोजलं. पुन्हा ओलं.

मी ओरडलो, "सिस्टर! लिकेज आहे!"

पडद्यापलीकडून गेनूभाऊने विचारलं, "कुटं? छपराला का?"

बाई आल्या. त्यांनी पट्टी सोडली. मग डोळ्यात काहीतरी थेंब पडला.

"काय टाकलंत?"

"रंग आहे. डोळ्याच्या आतलं पाणी चिरेतून बाहेर येत असेल, तर त्या रंगात हिरवी धार दिसते."

खरं सांगतो, त्या भीतीतही मला आनंद झाला. "म्हणजे बाई, तुमच्याकडेही हौद आहे!"

"बोलू नका." मग थोड्या वेळाने, "आहे. तिसऱ्या आणि चौथ्या टाक्याच्या मध्ये. सुईच्या टोकाएवढी जागा." आणि मग, "हात लावला होतात?"

मी खरं ते सांगितलं.

"माझ्या बोटाला गळती सापडली," मी विचारलं, "की बोटामुळे गळती झाली?"

"ते सांगता येणार नाही. हसण्यानेही झाली असेल. बोटाने नक्कीच बरं झालं नाही." त्या चिडल्या नव्हत्या, त्यामुळे जास्त लागलं. "घट्ट पट्टी बांधते. तीन दिवस हलायचं नाही. तेवढ्यात चीर आपली आपण मिटली तर उत्तम. नाही मिटली तर पुन्हा टाका घालावा लागेल, आणि उघड्या चिरेत जंतू गेले तर मग माझ्या हातात काही उरणार नाही."

दवाखान्यातल्या सगळ्या दिवसांत मी घाबरलो तो त्या एका तासात. पट्टीच्या आतला अंधार तोवर तात्पुरता होता. आता तो कायमचा असेल तर, असं डोक्यात आलं आणि जाईना. शांताचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला तर तो धूसरच आठवला, कारण गेले कित्येक महिने मी तो धूसरच पाहिला होता. त्याने मला रडू यायला लागलं, आणि रडायचीही बंदी असणार म्हणून तेही गिळलं.

बोटाची पट्टी

शांता आली. तिला सिस्टरने सांगितलंच होतं. मी बोलणी खायच्या तयारीने पडलो होतो. ती खाटेशी बसली, माझा उजवा हात हातात घेतला आणि ते बोट मुठीत धरलं.

"ह्येच का?"

"हेच."

जुन्या लुगड्याची चिंधी फाडल्याचा आवाज आला. तिने त्या बोटाला चिंधी गुंडाळली, एकावर एक, इतकी जाड की बोटाचं वांगं झालं. वर गाठ मारली.

"आता त्याला काय बी कळायचं न्हाई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाई फेरीला आल्या. "बोटाला काय झालं?" त्यांनी काळजीने विचारलं.

"काय न्हाई झालं," शांता म्हणाली, "त्याला गप बसवलंय."

बाई पुढच्या खाटेकडे गेल्या. पण चालता चालता त्यांना हसू आवरत नव्हतं, हे मला नुसत्या चपलांच्या आवाजावरून कळलं.

गेनूभाऊला फार वाईट वाटलं. गळती आपल्यामुळेच झाली असं त्याने धरून ठेवलं आणि तीन दिवस गमतीचा एक शब्द बोलायचा नाही अशी शपथ घेतली. पण त्याला गप्पही राहवेना. मग माझी करमणूक म्हणून तो बाजाराला कांदा आणणाऱ्या गावांची नावं एका सुरात सांगायचा. "कुरुळी. म्हाळुंगं. आंबेठाण. खराबवाडी." थांबायचा. पुन्हा सुरू. शांता भिंतीला टेकून ऐकत असायची.

"निघोजं ऱ्हायलं," ती म्हणायची.

"निघोजं," गेनूभाऊ गंभीरपणे म्हणायचा.

तिच्या माहेरचं नाव तो दर वेळी विसरायचा आणि ती दर वेळी आठवण करून द्यायची. त्या दोघांचं ते चाललेलं असताना माझी भीती कुठेतरी बाजूला जाऊन बसायची. आजारी माणसाला धीराच्या गोष्टी सांगू नका. गावांची नावं सांगा.

दुसऱ्या दिवशी कांबळे भेटायला आला. "जय भीम, दादा. सातचा शिक्का फोरमनच्या ड्रॉवरमध्ये आहे. दुसऱ्या कुणाला दिलेला नाही." हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी त्याचा हात धरून जवळ ओढला. तिथेच चुकलं. कांबळेला तपकिरीचं व्यसन. मशीनजवळ विडी ओढायला बंदी, म्हणून आमच्यातले निम्मे लोक तपकीर ओढत. त्याच्या बोटांवरची तपकीर माझ्या नाकात गेली. शिंक वर वर यायला लागली. मी नुसता हात हलवला. शांताने झेप घेऊन माझ्या नाकाखाली अंगठा असा दाबला की दात ओठात रुतले. शिंक आली तिथून परत गेली. अंगठ्याचा वळ दोन दिवस होता.

कांबळेला तिने बाहेर काढलं, हात साबणाने धुवायला लावले आणि मगच पुन्हा आत घेतलं.

मागूनही बघा

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. पट्टी सुटली, थेंब पडला. शांताने बोटाचं वांगं धरून ठेवलं होतं. पडद्यापलीकडे गेनूभाऊने श्वास रोखला होता, तो मला ऐकू येत होता.

"बुडबुडा?" मी विचारलं.

बाईंनी थोडा वेळ घेतला. "नाही."

"बाई, मागच्या बाजूनेही बघा. माझ्या हातून मागचाच जोड सुटला होता."

दुसऱ्या कुणी डॉक्टरने झापलं असतं. बाईंनी माझं डोकं हलकेच वळवलं, पुन्हा वाकून बघितलं. त्यांचा श्वास माझ्या कपाळाला लागत होता.

"मागूनही नाही. पाचही टाके धरलेत."

"मग शिक्का मारा!"

गेनूभाऊची शपथ तिथेच संपली. त्याने जी आरोळी ठोकली, ती बाजारात दोघं मिळून ओरडतात तशीच असावी. शांताने गाठ सोडली आणि चिंधी एकेक वेढा काढून बोट मोकळं केलं. मग तेच बोट तिने स्वतःच्या कपाळाला टेकवलं. त्या क्षणी मला वाटलं, हिला काळजी नाही असं मी कुठल्या तोंडाने म्हणालो होतो?

चष्मा

गळती झालेली म्हणून बाईंनी आम्हाला दवाखान्यातच ठेवून घेतलं. दीड महिन्याने जाड भिंगाचा चष्मा मिळाला. ज्यांना मिळायचाय त्यांनी घाबरू नये. पहिले काही दिवस सगळं मोठं आणि जवळ दिसतं. दाराची चौकट वाकते. कडेने येणारा माणूस एकदम समोर उगवतो. चहाचा कप धरायला गेलं की हात अलीकडेच मिटतो. पण रंग! निळा रंग इतका निळा असतो हे मी विसरूनच गेलो होतो.

चष्मा चढवल्यावर सगळ्यात आधी बाईंना पाहिलं. एवढ्याशा, माझ्या खांद्याला लागतील इतक्या. मग शांताला पाहिलं. कानशिलांवर केस पांढरे झालेले, डोळ्यांखाली सुरकुत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "तू म्हातारी झालीस की गं!"

"आन तुमी काय नवरदेव हायसा?" ती म्हणाली आणि हसायला लागली. मीही हसलो. पोट धरून, डोकं हलवून, शिव्या घालायला सिस्टर नाही, अशा थाटात हसलो.

घरी आलो. पायऱ्यांशी येऊन पाऊल उचललं आणि तसाच थांबलो. तिन्ही पायऱ्यांच्या कडेला पांढऱ्या चुन्याचे पट्टे होते, सरळ, हातभर लांब. उंबऱ्यावर एक. मोरीच्या कडेला एक. पाण्याच्या हंड्याच्या ओट्याला, खाटेच्या पुढच्या पायांना, अगदी मी कपडे टांगतो त्या खुंटीभोवतीसुद्धा एक गोल. शेजारच्या चार खोल्यांना काही नाही. फक्त आमच्या.

"हे कुणी ओढले?"

"चुना उरला व्हता," शांता म्हणाली आणि पिशवीतली पातेली काढायला लागली.

"कशाचा?"

"जयंतीचा."

भीमजयंतीला आमची सगळी चाळ चुन्याने रंगवतात. ती येते एप्रिलात. मी उंबऱ्यावरच उभा राहून हिशेब केला. हौदातलं पाणी मला गढूळ दिसायला लागलं ते मे महिन्यात.

"जयंतीला तर माझं मलाही कळलं नव्हतं!"

"मला कळलं व्हतं. ताटातली हिरवी मिरची तुमी गवारीची शेंग समजून खाल्ली. डोळ्यातनं पानी आलं, पर बोलला न्हाई."

"मग तू का नाही बोललीस?"

"तुमी लपवीत व्हता. म्हनलं, लपवू द्यात. पडू नगासा म्हंजी झालं." मग जराशाने, "पावसात धुऊन जायाचं. परत वडायची."

माझा डोळा ठणठणीत असल्याचा सगळा पुरावा त्या पट्ट्यांवर उभा होता. मी उंबऱ्यावर बसलो आणि चष्म्यासकट रडलो. बाईंनी आता परवानगी दिली होती.

शिक्का

हौदावर परत गेलो त्या दिवशी पाणी आरपार दिसत होतं. तळाची फरशीसुद्धा मोजता आली. पहिला पंप बुडवला, पुढून बघितला, फिरवून मागून बघितला आणि मग बोटालाही विचारलं. त्याची सवय मोडवत नाही. सफाईवाला दुरून बघत होता. मी त्याला ओरडून सांगितलं, "पाणी एक नंबर आहे!" तो म्हणाला, "गेला महिनाभर बदललेलं नाही."

तर टाके सुटतात का, या प्रश्नाचं माझं उत्तर असं: बाईंचे पाच धरतात. हसू आलं तर कुणालातरी गाल धरायला जवळ बसवा. बोट कामाचं असेल तर त्याला आधीच चिंधी बांधा.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. हल्ली शांता सुई ओवायला बसली की दोरा दोनदा-तीनदा चुकतो. परवा तिने हळदीऐवजी बेसन फोडणीत टाकलं आणि आज मुद्दामच असं केलंय म्हणाली. मी पिठलं समजून खाल्लं आणि काही बोललो नाही. थंडी पडली की तिला बाईंकडे नेणार आहे, ते माझं मी ठरवून टाकलंय. यंदा जयंतीचा चुना उरला तेव्हा ब्रश मीच मागून घेतला. तिची उंची माझ्याहून कमी, म्हणून खुंटीखाली आणखी एक खुंटी ठोकली आणि त्या खुंटीभोवतीही गोल काढला. आणि पट्टे या वेळी जरा जाड ओढलेत.